शब्दमर्यादा पाचशे

अर्जात एक चौकोन आहे :
नर्सिंगच का? पाचशे शब्दांत सांगा.
रात्रीचे दहा. फार्गोचा वारा
गॅरेजच्या दाराशी भांडतोय.

मी सॉल्वेग टांगेन, वय त्रेचाळीस.
सतरा वर्षं छपरं मोजली.
गारपीट झाली की शिडी गाडीवर बांधून निघायचं,
फुटक्या डांबरी कौलांभोवती खडूनं गोल काढायचे,
गोल मोजायचे, घसारा वजा करायचा,
आणि घरमालकाला सांगायचं
त्याचं नेमकं किती गेलं.

पहिला मसुदा : "मला लहानपणापासून सेवेची ओढ."
खोटं. लहानपणी ओढ होती ती आइस हॉकीची,
आणि कुणाचा ओठ फुटला की डोळे मिटून घ्यायची मी.
खोडलं.

दुसरा : "आईच्या आजारपणात..."
आई ठणठणीत आहे. बिस्मार्कला पत्ते कुटते,
फोनवर विचारते,
"लोकांचं हागणंमुतणं काढायला डिग्री लागते?"
ते बिनडिग्रीचं काढतेच आहे गं, मार्चपासून,
दर शनिवार-रविवार, वृद्धाश्रमात.

जुनी गुणपत्रिका मागवली. रसायनशास्त्र : सी.
एकोणीस वर्षांची ती मुलगी
च्युइंगगम चघळत बघत होती माझ्याकडे.
तिला काय ठाऊक, तिचा आळस
इतका टिकाऊ निघेल.

या खेपेला ए. रात्रीचे वर्ग, विशीतली पोरं,
आणि शेजारच्या खुर्चीत हिबाक वारसामे.
नैरोबीची पदवी इथं मान्य करून घेण्यात
तिची दोन वर्षं गेली; दिवसा टर्कीच्या कारखान्यात सुरी चालवते.
मनगटाची आठ हाडं तिनं माझ्याकडून पाठ करून घेतली,
माझाच हात टेबलावर उताणा ठेवून,
पेननं एकेक नाव लिहीत.
दोन दिवस मी ती नावं धुतली नाहीत.
तिचाही अर्ज तिथंच. जागा बत्तीस, अर्ज सहाशेच्या वर.
त्यावर आम्ही बोलत नाही.

तिसरा मसुदा :
व्हॅली सिटीबाहेरचं घर. जून महिना.
मी छपरावर, म्हातारा ऑर्विल ग्योर्डे पायरीवर.
उतरले तेव्हा त्यानं एक सपाता काढून ठेवली होती.
अंगठा काळा पडलेला,
फ्रिजमध्ये विसरलेल्या केळ्यासारखा.
"दुखत नाही," म्हणाला, "तेवढं बरंय."
न दुखणं हीच वाईट बातमी असते,
हे मला तेव्हा कळत नव्हतं.
माझ्या फॉर्मवर पन्हळ होती, धुरांडं होतं,
खिडक्यांच्या जाळ्या होत्या.
पायाला रकाना नव्हता.
मी लिहिलं : चौदा हजार दोनशे. सही घेतली.
ऑगस्टात चेक परत आला,
पाकिटावर शिक्का : घेणारा नाही.

मोजले. सहाशे बारा शब्द.
जून कापला. शिडी कापली. केळं कापलं.
"मला फार वाईट वाटलं" कापलं, ते कुणालाही वाटतं.
ऑर्विलचं नाव कापलं, गोपनीयतेचा नियम.
अंगठा ठेवला.

अकरा बावन्न. फोन थरथरला. हिबाक :
"शिफारसपत्रं दोन पुरतात ना?"
तीन लागतात. पान चारवर, तळाला, बारीक अक्षरांत.
माझा अंगठा, गुलाबी, धडधाकट,
काचेवर तसाच थांबून राहिला.
किती वेळ, ते लिहीत नाही.
मग टाइप केलं : "तीन. तिसरं उद्या दुपारपर्यंत चालतं.
तुझ्या सुपरवायझरला आत्ता उठव."

मग माझा अर्ज पाठवला.
पडद्यावर एक गोल फिरत राहिला,
खडूनं काढल्यासारखा पांढरा.

सकाळी सहाला ड्यूटी.
खोली नऊच्या लव्हर्नबाई
कुणाला मोजे काढू देत नाहीत,
शिव्या घालतात, लाथ मारतात.
बघू.